खूण आणि मेंढी

हातात नळी दिली, की आमच्या डॉक्टरबाई आधी तिच्यावरच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवायच्या. मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या आणि विचारायच्या, "आत काय आहे?"

आपण म्हणायचं, "बाई, वर लिहिलंय की."

"वरचं नको सांगूस. खूण कुणालाही वाचता येते. मेंढी दाखव."

नवीन माणूस इथे हमखास गडबडायचा. रसायनांच्या प्रयोगशाळेत मेंढी कुठून आणायची? आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की बाईंना पुरावा हवाय. नळीतल्या मालाचं 'मास' काढलंय का, म्हणजे यंत्रावर रेणूचं वजन करून बघितलंय का, एवढाच प्रश्न असायचा. काढलं असेल तर कागद पुढे करायचा. नसेल तर नळी घेऊन मुकाट आपल्या टेबलाकडे चालू लागायचं. पहिल्या वर्षी मी हे चालणं इतकं केलं की माझ्या टेबलापासून बाईंच्या टेबलापर्यंत फरशी झिजली असेल असं मला वाटायचं.

तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. त्यांच्याबरोबर काम करताना राग येतो, आणि त्यांच्याशिवाय काम करायची वेळ आली की दुसऱ्या कुणाचंच काम पसंत पडत नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. मंचरजवळ हायवेला लागून एक बटाट्याचं गोडाऊन होतं. त्याच्या मालकाला, म्हणजे आमच्या शेठना, बटाट्याशिवाय आणखी काहीतरी करून दाखवायची हौस होती. त्यांनी अर्ध्या गोडाऊनमध्ये भिंत घातली, फरशी बसवली, एसी लावले आणि बाहेर पाटी लावली. भिंतीच्या एका बाजूला बटाटे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. पहिला पाऊस झाला की आमच्याकडेही मातीचा आणि कोंबांचा वास यायचा. पण शेठच्या बटाट्यांमुळे एक मोठा फायदा होता. कोल्ड स्टोरेजसाठी दणकट जनरेटर होता. तालुक्यात तासन्‌तास लोडशेडिंग असायचं, तेव्हा आमचे फ्रीजर बटाट्यांच्या पुण्याईवर चालायचे.

डॉक्टरबाई पिंपळवंडीच्या. घर मेंढपाळांचं. जुन्नरला आणि मग पुण्याला शिकल्या, पीएचडी झाल्या, नव्वदच्या दशकात काही वर्षं परदेशात राहिल्या आणि परत आल्या. का परत आल्या, हे विचारलं की म्हणायच्या, "तिकडं लई गार." याच्यापुढे कधी काही सांगितलं नाही. खरं कारण मला पुढे कळलं.

त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी अवसरी बुद्रुकचा, म्हणून मी 'अवसरी'. माझ्या शेजारच्या टेबलावर महाळुंगे पडवळची एक हुशार मुलगी होती, ती 'पडवळ'. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, नळीवरच्या चिठ्ठीवर तुमचा विश्वास नाही आणि माणसांना मात्र चिठ्ठ्या लावता."

"माणसांचं मास काढता येत न्हाई ना, अवसरी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

डॉक्टर म्हटल्यावर गावातले लोक यायचेच. खोकला, गुडघे, पोराचा ताप. शेठच्या पाटीवर 'औषध संशोधन' असं लिहिलेलं, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नव्हतं. बाई दारात जाऊन सांगायच्या, "मावशी, मी औषध देत न्हाई. मी औषध शोधते."

"बरं बरं. घावलं की सांगा," असं म्हणून मावशी निघून जायच्या. एक आजोबा तर दर पंधरा-वीस दिवसांनी चौकशीला येत. बाईंनी त्यांना कधी उडवून लावलं नाही. त्यांना चहा पाजून, सरकारी दवाखान्याची वेळ सांगून पाठवत.

आमचं काम काय होतं, ते सांगतो. घाबरू नका, मलाही ते समजायला दोन महिने लागले.

औषध म्हणजे शेवटी एक रेणू. आजाराच्या मुळाशी शरीरातलं एखादं प्रथिन असतं, त्याला घट्ट चिकटून बसेल असा रेणू हुडकायचा. एकेक बनवून तपासत बसलं तर आयुष्य पुरत नाही. म्हणून लाखो रेणू एकाच नळीत बनवायचे आणि प्रत्येकाला डीएनएची शेपटी जोडायची. हा रेणू कोणकोणते तुकडे जोडून बनवला, ते शेपटीत लिहिलेलं असतं. मग ती सगळी गर्दी प्रथिनावर ओतायची, जे चिकटले नाहीत ते धुऊन टाकायचे, आणि जे मागे राहिले त्यांच्या शेपट्या वाचायच्या. बाई परदेशात होत्या तेव्हा ही कल्पना नुकती कागदावर आली होती. त्या परत येईपर्यंत तिकडच्या एका कंपनीने ती हाती घेतली होती, आणि रेणूंचा असा संच बनवायचं काम बाईंच्या ओळखीने आमच्या गोडाऊनमध्ये आलं होतं.

शेठना हे समजावताना बाईंनी फळ्यावर एक रेघही मारली नाही.

"शेठ, दिवाळीनंतर आमच्या चार घरांच्या मेंढ्या एका तळावर चालतात. त्याला आमी वाडा म्हणतो. माळशेज उतरून कोकणाकडं जायचं. वाटंत खतासाठी या शेतात थोड्या बसवायच्या, त्या शेतात थोड्या. रोज फोडायच्या, रोज मिसळायच्या. पण परत आल्यावर कुणाची कुठली ते कळतंच, कारण कानाला ज्याची त्याची खाच असती. हे तसंच. नळी कप्प्याकप्प्यांत वाटायची, प्रत्येक कप्प्यात वेगळा तुकडा जोडायचा, त्याची खूण शेपटीत घालायची, परत सगळं एकत्र. परत वाटायचं, परत खूण."

"आसं व्हय!" शेठ खूश झाले. "मग सोपंच हाय की राव."

"सोपं हाय. फकस्त खाच खरी पायजे."

खरी अडचण इथेच होती. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की असल्या रसायनांत पाण्याचा थेंब जाता कामा नये. भांडं ओलं दिसलं तरी सर ओरडायचे. आणि इथे बाई म्हणाल्या, सगळं पाण्यातच कर. कारण डीएनए भलतं लाडावलेलं. त्याला आम्ल चालत नाही, जास्त गरम चालत नाही, पाणी सोडून करमत नाही. त्याच्या कलाने घ्यायचं तर आमचे तुकडे आळस करायचे. काही मुकाट जोडले जायचे, काही अर्धेमुर्धे, काही अजिबात नाही. खूण मात्र दर वेळी जोडली जायची. म्हणजे शेपटी सांगणार की इथे अमुक तुकडा आहे, आणि जागेवर कुणीच नाही.

एकदा चहाच्या वेळी पडवळने विचारलं, "बाई, हे मेंढी दाखव, मेंढी दाखव तुम्ही कुठून काढलंत?"

बाईंनी सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हाची गोष्ट. वाडा निघायच्या आधी कोकरांच्या कानांना खाच घालायची असते. ते काम आबांचं, म्हणजे वडिलांचं. पण आबा बाजाराला गेले होते आणि हिला मोठेपणा करायचा होता. हिने कातर घेतली आणि कोंडलेल्या कोकरांच्या डाव्या कानाला खालून एकेक सरळ खाच घातली, अगदी आबांसारखी. फक्त त्या कोंडीत शेजारच्या घराचीही काही कोकरं आलेली होती, हे हिला माहीत नव्हतं. आमच्या भागातल्या मेंढपाळांत खाच म्हणजे शेवटचा शब्द. कानावर ज्याची खाच, त्याची मेंढी. शेजारी आला आणि कपाळाला हात लावून बसला.

"मग?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"मग आबा आले. काय बोलले न्हाईत. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्यावर म्हणाले, सोड कोकरं. मी सोडली. प्रत्येक कोकरू आपापल्या आईला लुचायला पळालं. कानावर काय कापलंय ते कोकराला थोडंच माहीत असतं? जी शेजाऱ्याच्या मेंढ्यांकडं गेली, ती आबांनी उचलून त्याच्या हवाली केली. पुढं कितीतरी वर्षं त्याच्या कळपात आमच्या खाचेच्या मेंढ्या फिरत व्हत्या. कुणी विचारलं की आबा सांगायचे, खाच माझी हाय, मेंढी त्याची हाय."

हे सांगताना बाई हसत होत्या, पण हातातला कप त्यांनी खाली ठेवला होता.

आबा मंचरच्या बाजाराच्या दिवशी यायचे. ते आल्याचं आम्हाला आतूनच कळायचं. बाहेरच्या पायरीवर बसले की त्यांच्या काठीचं टोक फरशीवर टकटक वाजत राहायचं. त्यांचे हात थरथरायचे. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली, की थरथर काठीत उतरायची. बाई परदेश सोडून आल्या त्या या थरथरीसाठी, हे मला त्या आवाजाने कळलं. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी काही तास बरं वाटायचं, मग पुन्हा काठी बोलायला लागायची.

बाई बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसायच्या.

"घावलं का?" आबा विचारायचे.

"न्हाई अजून."

"बरं."

एवढंच. मग दोघं मेंढ्यांचं, भावाचं, पावसाचं बोलत बसायचे.

कंपनीने आम्हाला सुरुवातीला आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. प्रथिनाला एक नंबर होता. एक दिवस फोनवर तिकडच्या साहेबाच्या तोंडून निसटलं, की हे मेंदूतलं प्रथिन आहे, हात थरथरण्याच्या आजाराशी त्याचा संबंध असावा. बाईंनी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाच्याही नळीवर अंगठा ठेवला नाही. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी त्यांनी आबांना ते सांगून टाकलं. मी तिथेच होतो.

"पण आबा, घावलं तरी गोळी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागत्यात."

"लागू दे की," आबा म्हणाले. "मला कुठं घाई हाय."

बाईंनी हे त्यांना सांगायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण बापासमोर बसून गप्प राहणं मलाही जमलं नसतं.

संच बनवायला घेतला, तेव्हा बाईंचा एकच हट्ट होता. प्रत्येक तुकडा आधी एकट्याने डीएनएवर जोडून बघायचा, त्याचं मास काढायचं, आणि जो नीट जोडला जाईल तोच आत घ्यायचा. मासचं यंत्र पुण्याला. नमुने एसटीने पाठवायचे, आठवड्याने उत्तर यायचं. कंपनी घाई करत होती. शेठही म्हणाले, "डॉक्टरबाई, निवडक बघा की. बटाट्याचं पोतं घेताना मी काय एकेक बटाटा चिरतो का?" बाईंनी दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी त्या "बरं" म्हणाल्या. थोडे तुकडे तपासले, बाकीचे तसेच घेतले. बाईंनी ऐकल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला बरं वाटलं, कारण एसटी स्टँडवर नमुने घेऊन धावायचं काम माझ्याकडे होतं.

संच तयार झाला. लाखो रेणू एका नळीत, आणि नळी अंगठ्याहून लहान. ती बर्फात ठेवून विमानाने गेली.

काही महिन्यांनी फोन आला. प्रथिनाला चिकटलेल्यांत एक शेपटी पुन्हा पुन्हा दिसतेय, साहेब म्हणाले. हा रेणू बिनशेपटीचा, स्वच्छ बनवून पाठवा.

बाईंच्या तोंडून 'घावलं' ऐकताच शेठनी त्याच दिवशी पेढे आणले. सगळ्यांना वाटले, बटाट्याच्या हमालांनाही वाटले. आणि बाईंना न विचारता एक पुडा घेऊन ते गाडीने थेट पिंपळवंडीला गेले. आबांना म्हणाले, "आबा, घावलं!" शेठच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस आनंदाने फुलून गेला होता. पण बाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला, आणि हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

तो रेणू मी बनवला. शेपटीत लिहिल्याप्रमाणे, तुकड्याला तुकडा जोडून, अगदी चोख. मास काढलं, बरोबर आलं. बाईंनी अंगठा ठेवला, मी कागद दाखवला, त्यांनी मान डोलावली. पाठवून दिला.

उत्तर आलं, चिकटत नाही.

पुन्हा बनवला, पुन्हा पाठवला. चिकटत नाही.

कंपनीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. असं होतं म्हणे. दुसऱ्या शेपट्या आहेत, त्या बघू. बाई मात्र फ्रीजरजवळ उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यांच्या डब्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवसरी, मी खूण वाचली रे. मेंढी बघितलीच न्हाई."

त्यानंतर आम्ही तिघांनी उरलेला प्रत्येक तुकडा एकट्याने जोडून बघितला. मी एसटी स्टँडवर धावलो, एकदाही कुरकुर केली नाही. निकाल येत गेले तसा शेठचा चेहरा उतरत गेला. बरेच तुकडे जोडलेच गेले नव्हते. ज्या शेपटीसाठी पेढे वाटले, तिच्यातला शेवटचा तुकडाही त्यातलाच. शेपटी म्हणत होती तीन तुकडे, रेणूत होते दोनच. प्रथिनाला चिकटलं होतं ते हे अपुरं राहिलेलं ध्यान, आणि ते किती घट्ट चिकटतं, याचा काही पत्ता नव्हता.

आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा फोन ठरला होता. त्यांना पुढचा मोठा संच आमच्याकडूनच हवा होता. फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

दुपारी शेठच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर ठेवला. साहेब इंग्रजीत गोड बोलले, हवापाणी विचारलं, आणि मग म्हणाले, "आता एकच सांगा. पहिल्या संचात शेपट्यांवर जे लिहिलंय, तेच आत आहे ना? तुम्ही हो म्हणालात, की आम्ही पुढचं काम पाठवतो."

शेठ बाईंकडे बघत हात जोडून उभे होते. म्हणजे हात बाईंसाठी आणि चेहऱ्यावरचं हसू फोनमधल्या साहेबांसाठी. मला हसू येत होतं. पण भिंतीच्या आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्या एका होकारावर होत्या. माझी धरून.

"नाही," बाई म्हणाल्या. "बऱ्याच ठिकाणी नाही. कुठे कुठे नाही, ते आम्ही आता तपासलंय. आधी तपासायला हवं होतं. ती चूक माझी आहे."

 मग साहेबांनी आभार मानले. फार सभ्य माणूस होता. कळवतो म्हणाले.

शेठनी फोन ठेवला. "डॉक्टरबाई," ते कळवळून म्हणाले, "आवो, त्यांनी कुठं चिरून बघितलं आसतं?"

"मी बघितलंय ना शेठ," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, पिंपळवंडीला सोडशील का. त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या आणि आम्ही नारायणगाव ओलांडून पुढे गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा मेंढ्या चरून यायच्या होत्या. आबा दोरीच्या जाळीच्या कुंपणाशी बसून कोकरांना खाचा घालत होते. मांडीत कोकरू, डाव्या हातात कान, उजव्या हातात कातर. दोन्ही हात थरथरत होते. बाईंचा भाऊ शेजारी अवघडून उभा होता. "मी करतो म्हणलं तर ऐकत न्हाईत," तो मला हळूच म्हणाला. "म्हणत्यात, खाच माझी हाय, मीच घालणार."

कातर एकदा टेकायची, सरकायची, पुन्हा टेकायची. खाच कुठे सरळ जायची, कुठे मध्येच थांबून वळायची. कोकरू ओरडायचं. आबा त्याच्या कानाला हळद लावायचे आणि सोडून द्यायचे.

कोनाड्यात शेठने दिलेला पेढ्यांचा पुडा होता. अर्धाच संपलेला. आबा रोज एकच खात होते, असं भाऊ म्हणाला.

बाई आबांसमोर मातीत बसल्या.

"आबा, न्हाई घावलं."

आबांनी कातर खाली ठेवली.

"शेठ तर म्हनला..."

"त्यांना म्या सांगितलं व्हतं घावलं म्हणून. म्या नुसती खूण वाचली, आबा. आत दुसरंच व्हतं."

 मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आबांच्या हातांसाठी जी आशा होती, ती आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, परत घेतली जात होती आणि परत घेणारी त्यांचीच लेक होती.

"त्या कंपनीवाल्यांना सांगितलंस?" आबांनी विचारलं.

"व्हय. आज दुपारी."

"ज्याचं त्याला दिलंस म्हन की परत."

"व्हय."

"मंग झालं," आबा म्हणाले. "आता रडू नगंस. ते धर."

आणि त्यांनी पुढचं कोकरू बाईंच्या मांडीत दिलं. बाईंनी ते धरलं, आबांनी कातर उचलली. तेवढ्यात मेंढ्या आल्या, आणि कोकरं धुरळा उडवत आपापल्या आयांकडे पळाली. बाई पदराने डोळे पुसत त्यांच्याकडे बघत होत्या.

कंपनीने पुढचं काम पाठवलं नाही. शेठनी आम्हाला वर्षअखेरपर्यंत ठेवून घेतलं. तेवढा त्यांचा मोठेपणा मी कधी विसरणार नाही. त्या महिन्यांत बाईंनी जे काम केलं, ते मी त्यांच्याकडून पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम. हाताला घाई नव्हती आणि डोक्यावर साहेब नव्हता. आळशी तुकडा कसा जोडावा, पाण्यात दुसरा द्रव किती मिसळला तर डीएनए कुरकुर करत नाही, कुठला तुकडा दोनदा घातला की बसतो, आणि कुठला कितीही लाडीगोडी लावली तरी बसत नाही म्हणून आधीच बाहेर ठेवायचा, हे सगळं आम्ही एकेक करून शोधलं. बाईंनी ते जसंच्या तसं कंपनीला पाठवून दिलं, त्या अपुऱ्या रेणूच्या माहितीसकट. मी म्हटलं, "बाई, फुकट कशाला देता?"

"त्यांच्या कळपात माझ्या खाचेच्या मेंढ्या हायेत, अवसरी," त्या म्हणाल्या. "कुठल्या खऱ्या, ते त्यांना कळाय नको?"

मग गोडाऊनमधली भिंत पाडली गेली आणि सगळीकडे बटाटे आले. पडवळ लग्न करून नाशिकला गेली, तिथे कॉलेजात शिकवते. मी पुण्याला एका कंपनीत लागलो. त्या अपुऱ्या रेणूचं पुढे काय झालं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

आबा दुसऱ्या वर्षी गेले. दिवसांना गेलो तेव्हा बाई शांत होत्या. कोपऱ्यात काठी उभी होती. ती कधी गप्प उभी राहिलेली मी पाहिली नव्हती, म्हणून माझी नजर सारखी तिच्याकडे जात होती. त्यानंतर बाईंना हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. असेच शेपटीचे संच, पण आधी प्रत्येक तुकडा तपासून. आता पिंपळवंडीत थांबायचं कारण उरलं नव्हतं. त्या गेल्या. सुरुवातीला फोन व्हायचे, मग दिवाळीपुरते राहिले, मग तेही राहून गेले. त्यांच्यावाचून अडलं असं नाही. पण माझ्या हाताखालच्या पोरांच्या नळीवर मी अंगठा ठेवतो, आणि ती "सर, वर लिहिलंय ना" म्हणतात, तेव्हा मेंढी दाखव असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते त्यांचंच आहे.

मागच्या दिवाळीनंतर मी अवसरीला गेलो होतो. बटाटे निघाले होते आणि थोरल्या भावाने रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढपाळ ओळखीचा नव्हता. संध्याकाळी मी सहज बांधावर उभा होतो. कळपाच्या कडेला एक म्हातारी मेंढी बसली होती. बाकीच्यांच्या उजव्या कानाला खाच, हिच्या एकटीच्या डाव्या. मी जवळ गेलो, कान हातात धरून बघितला, आणि तिथूनच बाईंना फोन लावला. इतक्या दिवसांनी लावतोय, हे मनातही आलं नाही.

"बोल अवसरी," पलीकडून आवाज आला, जसं काही कालच भेटलो होतो.

"बाई, आमच्या रानात मेंढ्या बसल्यात. त्यात एक मेंढी हाय, तिच्या डाव्या कानाला..."

"कान नंतर. मेंढी कशी हाय?"

"म्हातारी हाय. पुढचे दात गेलेत. पण खाती चांगली. मेंढपाळ म्हनतो, पिंपळवंडीच्या बाजूनं घेतलेली."

 मग त्यांनी विचारलं, आणि खूण विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो, "खाच कशी हाय रे?"

"वाकडी हाय, बाई. दोनदा थांबून घातल्यासारखी."

मेंढी माझ्या हातातून कान सोडवून घेत होती. मी सोडला.

"मग ती आबांचीच," बाई म्हणाल्या.